कोलंबसाचे शिलेदार

कोलंबस आमच्या शालेय इतिहासात येतो तो दोन ओळींपुरता. हिंदुस्थान शोधण्यासाठी तो १४९२ साली निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला, एवढेच मुलांना ठाऊक असते. त्याच्यानंतर सहा वर्षांनी वास्को द गामा खरोखरीच कालिकतला पोहोचला आणि पुढे पोर्तुगीज गोव्यात स्थिरावले. त्यामुळे आपल्या या सीमाभागाला गामाची ओळख अधिक, कोलंबसाची बेताचीच. परंतु या वाट चुकलेल्या खलाशाच्या मृत्यूनंतर पावणेचारशे वर्षांनी अमेरिकेतील काही सामान्य कॅथलिक माणसांनी त्याचे नाव घेऊन एक बंधुसंघ उभा केला, आणि त्या संघाचे आज वीस लाखांहून अधिक सभासद आहेत. ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ हे त्याचे नाव. नाइट म्हणजे युरोपातील मध्ययुगीन चिलखती स्वार. आपल्या भाषेत ‘कोलंबसाचे शिलेदार’ म्हटले तर चालावे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा. हे लोकही आपापल्या खिशातला डॉलर घेऊन आले होते, म्हणून मला तो शब्द अधिक जवळचा वाटतो.

या संघात माणसे का शिरली, त्यांना आत कोणी घेतले आणि दाराबाहेर कोणाला ठेवले, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे. संघाचा सगळा इतिहास सांगण्याचा हेतू नाही.

या कथेचा मूळपुरुष म्हणजे फादर मायकेल मॅकगिव्हनी. जन्म १२ ऑगस्ट १८५२, कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी या गावी. आईबाप आयर्लंडमधून पोटासाठी आलेले. बाप पितळेच्या कारखान्यात ओतारी. घरात तेरा मुले जन्मली, त्यांतली सहा लहानपणीच गेली. मायकेल सर्वांत थोरला. तेराव्या वर्षी शाळा सोडून हा मुलगाही पितळेच्या कारखान्यात चमचे बनवण्याच्या खात्यात लागला. धर्मगुरू होण्याची ओढ होती, म्हणून पुढे तो कॅनडातील सेमिनरीत शिकायला गेला. पण १८७३ साली बाप वारला आणि शिक्षण अर्धवट टाकून त्याला घरी परतावे लागले. कर्ता पुरुष गेल्यावर घराचे काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकण्याची गरज उरली नाही. हार्टफर्डच्या बिशपांनी हात दिला म्हणून बाल्टिमोर येथे तो शिक्षण पुरे करू शकला. डिसेंबर १८७७ मध्ये दीक्षा झाली आणि न्यू हेवन येथील सेंट मेरी चर्चमध्ये सहायक धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली.

न्यू हेवन हे येल विद्यापीठाचे गाव. जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांची तेथे प्रतिष्ठा. त्या घराण्यांच्या हिलहाउस ॲव्हेन्यू या रस्त्यावर आयरिश मोलकरणी आणि मजूर यांच्या पैशातून हे सेंट मेरी चर्च उभे राहिले होते, डोक्यावर मोठे कर्ज घेऊन. १८७९ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर एक वार्तापत्र छापले. एका खानदानी रस्त्याला रोमन चर्चच्या इमारतीने कसा डाग लागला, अशा अर्थाचा त्याचा मथळा होता. बातमीच्या मथळ्यातच ‘डाग’ म्हणण्याइतका तो समाज निःसंकोच होता, यावरून आयरिश कॅथलिकांचे त्या काळातील स्थान ध्यानात यावे.

या माणसांचे काम धोक्याचे. गिरण्या, ओतशाळा, रेल्वे, गोदी. माणूस चाळिशीच्या आत गेला तर कोणाला आश्चर्य वाटत नसे. विम्याच्या मोठ्या कंपन्या होत्या, पण त्यांचे हप्ते मजुराला परवडणारे नव्हते. सरकारी मदत म्हणावी अशी नव्हतीच. नवरा गेला आणि घरात मिळकत नसली, तर मुलांचा सांभाळ कसा होणार याची विचारणा कोर्ट करी, आणि हमी मिळाली नाही तर मुले आईपासून दूर जाण्याची पाळी येई. फेब्रुवारी १८८२ मध्ये सेंट मेरीच्याच परिसरातील डाउन्स नावाच्या कुटुंबावर हाच प्रसंग आला. बाप गेला, थोरल्या मुलांची कशीबशी सोय लागली, पण एका मुलासाठी कोर्ट मोठ्या रकमेची हमी मागत होते. तेव्हा मॅकगिव्हनी स्वतः कोर्टात उभे राहिले आणि त्या मुलाचे पालकत्व त्यांनी पत्करले. पण एक धर्मगुरू गावातल्या किती मुलांचा पालक होणार?

यावर त्या काळात एक उपाय सर्रास चालत असे, तो म्हणजे लॉज. फ्रीमेसन, ऑड फेलोज यांसारख्या बंधुसंघांत माणसे शिरत; वर्गणी भरत; आजारपणात आणि मरणात संघ कुटुंबाच्या पाठीशी उभा राही. शिवाय पदव्या, पोशाख, शपथा, बंद दाराआडचे विधी. दिवसभर दुसऱ्याच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक रात्र ‘सरदार’ म्हणवून घेण्यात काय सुख वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. (आपल्याकडेही कित्येक छावण्यांत मेसन लॉजच्या इमारतीला लोक भूतबंगला म्हणत. आत काय चालते हे कळत नाही, म्हणून भीती. आणि म्हणूनच ओढ.) परंतु कॅथलिकांना ही वाट बंद होती. १७३८ पासून पोपने मेसन होण्यास बंदी घातली होती आणि १८८४ साली तेरावे लिओ यांनी ती पुन्हा कडकपणे बजावली. म्हणजे लॉजमध्ये गेले तर धर्म सुटतो, न गेले तर मागे बायकापोरे उघडी पडतात. कित्येक आयरिश तरुण दुसरा धोका टाळण्यासाठी पहिला पत्करत होते आणि चर्चला ते दिसत होते.

मॅकगिव्हनींनी यातून जो मार्ग काढला तो साधा होता. लॉजचा सांगाडा घ्यायचा, त्यात कॅथलिक आत्मा भरायचा. प्रथम ते बॉस्टनला जाऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॅथलिक फॉरेस्टर्स या संघाला भेटले. त्यांची शाखा न्यू हेवनला काढता येईल का, असा विचार होता. पण त्या संघाच्या सनदेत परराज्यात शाखा काढण्याची मुभा नव्हती. मग २ ऑक्टोबर १८८१ रोजी सेंट मेरी चर्चच्या तळघरात काही मंडळी जमली आणि स्वतःचाच संघ काढायचे ठरले. नावाचा घोळ काही महिने चालला. मॅकगिव्हनींच्या मनात ‘सन्स ऑफ कोलंबस’, म्हणजे कोलंबसाचे पुत्र, असे होते. जेम्स मलन हा यादवी युद्धातील शिपाईगडी. त्याने ‘पुत्र’ काढून ‘नाइट’ घातले. पुढे तोच पहिला सुप्रीम नाइट झाला. २९ मार्च १८८२ रोजी कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळाकडून संघाला सनद मिळाली.

कोलंबसच का, याचेही उत्तर त्या ‘डाग’ शब्दात आहे. कॅथलिक माणूस पोपचा बंदा, तो अमेरिकेशी इमानदार राहूच शकत नाही, असा आक्षेप होता. त्यावर या मंडळींचे म्हणणे असे की, बाबांनो, ज्याला तुम्ही या भूमीचा शोधक म्हणून मिरवता तो कॅथलिकच होता! वादात प्रतिपक्षाचाच पुरावा त्याच्यावर उलटवण्याची ही वकिली चाल मोठी हुशारीची होती. त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या लोकांना या शोधाची काय किंमत मोजावी लागली, हा प्रश्न १८८२ साली त्यांच्या गावीही नव्हता; अलीकडच्या काळात तो विचारला जाऊ लागला आहे आणि कोलंबसाचे पुतळे हलवले गेले आहेत.

आता योजना. एक सभासद वारला की उरलेल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा. विधवेला एक हजार डॉलर. सभासद हजारांच्या पुढे गेले की प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात कमी. साध्या मजुराच्या दोन वर्षांच्या मजुरीहून ही रक्कम मोठी होती. आजारी पडून काम बुडाले तर आठवड्याला पाच डॉलरपर्यंत, तेरा आठवडे. वय काहीही असो, वाटा सारखाच. म्हणजे तरुणपणी शिरलेल्याने जन्मभरात अधिक भरायचे आणि उतारवयात आलेल्याने कमी. विम्याच्या हिशेबनिसाला हे पाहून घेरी आली असती, आणि पुढे वयाप्रमाणे दर लावावेच लागले. पण मुंबईच्या धोबीतलावावरील गोवेकरांच्या कुडी ज्याला ठाऊक आहेत त्याला या हिशेबामागची भावना चटकन कळेल. बोटीवर जाणारा खलाशी गावच्या कुडीत ट्रंक ठेवी, महिन्याची वर्गणी भरी, संध्याकाळी सर्वांबरोबर तेर्स म्हणे. परक्या शहरात आपल्याला कोणीतरी आहे, हा दिलासा हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही.

सभासद होण्याची रीत अशी. वयात आलेला, धर्म पाळणारा कॅथलिक पुरुष हवा. सभासदाने त्याचे नाव सुचवायचे, चौकशी व्हायची, विम्यासाठी डॉक्टरची तपासणी व्हायची, आणि मग कौन्सिल, म्हणजे स्थानिक शाखा, गुप्त मतदान करायची. बंधुसंघांत हे मतदान पेटीत गोळ्या टाकून करण्याचा जुना परिपाठ होता: पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची. नाव मंजूर झाले की दीक्षाविधी, पायरीपायरीने. दानधर्म, एकी आणि बंधुभाव या तीन गुणांच्या तीन पायऱ्या; १९०० साली देशभक्तीची चौथी जोडली गेली. विधीत काय होते ते बाहेर सांगायचे नाही. पण एक फरक महत्त्वाचा होता: धर्मगुरूपासून काहीही लपवायचे नव्हते. पापनिवेदनात अडसर येईल अशी शपथ नाही. मेसनांच्या गुप्ततेवर चर्चचा जो मुख्य आक्षेप होता, त्यालाच मॅकगिव्हनींनी अशी बगल दिली.

ते स्वतः फार दिवस राहिले नाहीत. १८८४ च्या अखेरीस त्यांची थॉमस्टन या छोट्या गावी बदली झाली आणि १४ ऑगस्ट १८९० रोजी न्यूमोनियाने ते वारले. वय अवघे अडतीस. तेव्हा संघाचे सहा हजारांच्या आसपास सभासद होते. १८९० च्या दशकात विमा न घेताही सभासद होण्याची सोय झाली आणि मग संघ भराभर वाढला. येथे त्याचे रूपच पालटले, असे माझे मत आहे. आधी माणूस बायकोच्या पोटासाठी शिरत होता. आता तो मानासाठीही शिरू लागला.

वाढ झाली तसे शत्रूही वाढले. १९१२ च्या सुमारास चौथ्या पायरीची म्हणून एक बनावट शपथ छापून गावोगाव वाटली गेली. प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळीन, फाशी देईन, असला मजकूर. तो इतका पसरला की १९१३ साली निवडणुकीच्या एका तक्रारीच्या निमित्ताने अमेरिकी काँग्रेसच्या दप्तरातही तो दाखल झाला. जे दार बंद असते त्याच्याआड लोक काय वाटेल ते पाहतात! १९२८ साली अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या अल् स्मिथ या कॅथलिक उमेदवाराविरुद्ध तीच शपथ पुन्हा बाहेर निघाली. स्मिथ हरले. १९६० साली निवडून आलेले जॉन केनेडी हेही याच संघाचे सभासद.

ऑरेगॉन राज्याची हकिगत मात्र आपल्या वाचकाने जरा थांबून वाचावी. तेथे १९२२ साली जनमताने असा कायदा झाला की आठ ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे. रोख उघडच कॅथलिक शाळांवर होता आणि कू क्लक्स क्लॅनचा त्याला पाठिंबा होता. शाळा चालवणाऱ्या नन्स कोर्टात गेल्या, त्यांच्या लढ्याला या संघाने पैसा पुरवला, आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरवला. मुलाला कोठे आणि कसे शिकवायचे यात आईबापांचा हक्क सरकारला असा मोडून काढता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. मुलांच्या शाळेचा आणि भाषेचा प्रश्न ज्यांच्या घरात दोन पिढ्या जेवणाच्या पंगतीला बसतो आहे, त्या आम्हा सीमाभागातील लोकांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

येथवर कथा अन्याय सोसलेल्यांची आहे, आणि अशा कथा सांगायला सोप्या असतात. आता दुसरी बाजू.

पहिल्या महायुद्धात या संघाने सैनिकांसाठी छावण्यांतून विश्रांतीच्या झोपड्या उभारल्या. दारावर लिहिलेले असे: सर्वांचे स्वागत, सर्व काही फुकट. आणि ते खरे होते. काळ्या शिपायालाही तेथे गोऱ्याच्या बरोबरीने जागा मिळे. त्या काळच्या अमेरिकी फौजेत ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की काळ्या लेखकांनी तिची आवर्जून नोंद केली. १९२४ साली तर संघाने काळ्या लोकांच्या अमेरिकेवरील उपकारांचा इतिहास सांगणारे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे पुस्तक आपल्या ग्रंथमालेत छापले. झोपडीत जागा होती, ग्रंथमालेत जागा होती. कौन्सिलमध्ये मात्र नव्हती, किंवा अपवादानेच होती. सनदेत ‘गोऱ्यांसाठी’ असा शब्द कोठेही नव्हता. तशी गरजच नव्हती. कोणत्याही उमेदवाराला नाकारायला फक्त पाच विरोधी मते पुरत, मग कौन्सिल पन्नासांची असो की पाचशेंची. मत गुप्त. कारण सांगायचे नाही. पाच माणसांनी गप्प राहून टाकलेल्या पाच मतांनी जे काम होते, त्याला कायद्याची काय आवश्यकता? गोव्यात चर्चच्या मिरवणुकीत खांद्यावर रंगीत आवरण घेऊन चालणाऱ्या कोन्फ्रारियांचा इतिहास पाहिला तर जातीने हेच काम केलेले दिसते. बाप्तिस्मा सर्वांना एकच. पण बंधुसंघात कोणत्या घराण्याने बसायचे, यावर पिढ्यान् पिढ्या तंटे.

मग नाकारलेल्यांनी तेच केले जे १८८२ साली आयरिशांनी केले होते. ७ नोव्हेंबर १९०९ रोजी अलाबामा राज्यातील मोबील या गावी काळ्या कॅथलिकांसाठी ‘नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर’ हा वेगळा संघ निघाला. संस्थापकांत जोसेफाइट पंथाचे चार धर्मगुरू आणि तीन गृहस्थ होते. नावाची निवड पाहावी. आयरिशांनी शोधक घेतला. यांनी सतराव्या शतकातील तो स्पॅनिश जेझुइट घेतला, जो कार्ताहेना बंदरात गुलामांची जहाजे लागली की पाणी, फळे आणि औषधे घेऊन त्यांच्या तळघरात उतरत असे. दोन संघ, एकच चर्च, एकच पोप, तसेच पोशाख, तसाच विमा. मधली भिंत मात्र कायम.

ती भिंत हलली १९६३ साली, शिकागोत. एका कौन्सिलने काळ्या उमेदवाराला त्याच्या वर्णापायी नाकारले, आणि त्या कौन्सिलच्या सहा पदाधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. या सहा जणांना इतिहासात दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळालेली नाही. पण स्वतः आत बसलेल्या माणसाने दारातल्या माणसासाठी खुर्ची सोडणे ही सोपी गोष्ट नव्हे; सभासदत्वाबरोबर गावातला मान, ओळखी आणि मैत्री गुंतलेली असते. सुप्रीम नाइट ल्यूक हार्ट यांनी पुढील अधिवेशनात नियम बदलू, असे जाहीर केले. पण अधिवेशनापूर्वीच, १९६४ च्या फेब्रुवारीत, ते वारले. त्यांच्या जागी जॉन मॅकडेविट आले.

त्या वर्षीचे अधिवेशन न्यू ऑर्लिन्सच्या रूझवेल्ट हॉटेलात ठरले होते. अधिवेशन चार दिवसांवर आले असता मॅकडेविट यांना कळले की हे हॉटेल फक्त गोऱ्या पाहुण्यांना घेते. त्यांनी निरोप धाडला: नियम बदला, नाहीतर सगळे अधिवेशन दुसरीकडे हलवतो. एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे जाते म्हटल्यावर हॉटेलने नियम बदलला. मग प्रतिनिधींपुढे स्वतःच्या घराचा नियम आला. हॉटेलवाल्याकडून जे वाजवून घेतले ते आपल्या कौन्सिलमध्ये करायचे नाही, असे म्हणायला तोंड उरले नव्हते. पाच मतांचा नियम गेला. मतदान करणाऱ्यांपैकी एक तृतीयांश विरोधात असतील तरच उमेदवार बाद, असे ठरले. १९७२ साली त्याहून पुढे जाऊन विरोधाला बहुमताची अट घातली गेली. माझ्या मते या संघाच्या इतिहासातील खरी दोन वर्षे १८८२ आणि १९६४ ही आहेत. पहिल्या वर्षी दार बांधले गेले. ते कोणाकोणावर बंद होते, याचा हिशेब दुसऱ्या वर्षी झाला. त्या हिशेबाला ब्याऐंशी वर्षे लागली.

बाकीचे थोडक्यात. स्त्रियांना संघात प्रवेश नाही. त्यांच्यासाठी १८९७ साली न्यू हेवनमध्येच ‘डॉटर्स ऑफ इझाबेला’ निघाला. ज्या राणीने कोलंबसाला जहाजे दिली तिचे नाव मुलींनी घ्यावे, हे ओघानेच आले. विमा मात्र मॅकगिव्हनींच्या कल्पनेपलीकडे वाढला. चालू विम्यांची एकूण रक्कम आता शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे. १९८२ साली, संघाच्या शताब्दीच्या दिवशी, मॅकगिव्हनींच्या अस्थी वॉटरबरीहून आणून सेंट मेरी चर्चमध्ये ठेवण्यात आल्या, आणि ३१ ऑक्टोबर २०२० रोजी चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केले, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी.

त्याच २०२० सालापासून दीक्षेच्या पहिल्या तीन पायऱ्या एकत्र करून एकच विधी ठेवला आहे आणि तो बंद दाराआड होत नाही. नव्या सभासदाची बायको, मुले, आईबाप समोर बसून तो पाहू शकतात. ‘नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर’ या संघानेही आपले दार सर्व वर्णांच्या कॅथलिकांना उघडे ठेवले आहे. त्याचे मुख्य कार्यालय न्यू ऑर्लिन्सला आहे. दोन्ही संघ अजून वेगवेगळेच चालतात.